तिसऱ्या चौकटीतला बाप

४ जानेवारी
संपादकांनी बोलावलं तेव्हा आज नारळ मिळणार, असं धरूनच गेलो होतो. सव्वीस वर्षं मी या वर्तमानपत्रात तक्ते, आलेख, हवामानाचे नकाशे आणि शब्दकोड्याच्या चौकटी काढतो आहे. आता हे सगळं यंत्रातून तयार होऊन येतं. हाताने काढणारा मी एकटाच उरलोय, आणि मी एकटाच उरलोय हे आता सगळ्यांच्या लक्षात यायला लागलंय.

नारळ दिला नाही. हातात घेऊन ठेवलाय एवढंच. शेवटच्या पानावर बाहेरून विकत घेतलेली एका कुत्र्याची चित्रपट्टी यायची, ती बंद होतेय. तीन चौकटींची जागा रिकामी पडणार.

"घरगुती काहीतरी करा," संपादक म्हणाले. "नवरा, बायको, मूल. सकाळी वाचून माणसाने हसून कामाला जावं."

"मी आलेख काढतो."

"रेघाच ना? कुटुंब आहे ना तुम्हाला?"

"आहे."

"मग झालं तर."

एक फेब्रुवारीपासून शंभर दिवस. लोकांना आवडली तर मी राहतो, नाही आवडली तर जूनमध्ये घरी. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "विनोदी? तुम्ही?" आणि लेकीला हसता हसता उचकी लागली. आजच्या दिवसात घरात झालेला हा एकमेव विनोद, आणि तो मला वापरता येणार नाही.

५ जानेवारी
सामग्री गोळा करायला सुरुवात. रात्रीच्या जेवणाला कोण किती शब्द बोलतं ते मांडीवर कागद ठेवून मोजलं. लेक: दोनशे तीस. बायको: एकशे नव्वद. मेहुणा: नव्वद. मी: सात, त्यांतले चार "मीठ जरा इकडे दे."

मेहुणा म्हणजे बायकोचा थोरला भाऊ. खालच्या मजल्यावर एकटा राहतो, जेवायला आमच्याकडे असतो. इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करतो, म्हणून आख्खी गल्ली त्याला लिफ्टमामा म्हणते. खिशांत नेहमी स्क्रू, वायरीचे तुकडे, पक्कड, त्यामुळे तो जिन्यात आहे हे तो दिसायच्या आधी ऐकू येतं. त्याच्यात पट्टीसाठी काही सापडेल असं वाटत नाही. तो सगळ्यांना आवडतो. विनोदाला माणसात काहीतरी खोट लागते.

९ जानेवारी
छोट्या चित्रात माणूस नुसत्या सावलीवरून ओळखू आला पाहिजे. हा नियम मी कुठे वाचलेला नाही, नकाशांवरून आलाय: धरण आणि तळं दुरून सारखं दिसलं की वाचक बुडाला. आई सोपी गेली, अंबाडा आणि कमरेवर हात. मुलगी नऊ वर्षांची, एका ठिकाणी न टिकणारी, म्हणून तिचे पाय कधी जमिनीला लावायचे नाहीत असं ठरवलं.

बाप अडला. आरशासमोर बसून स्वतःला काढून पाहिलं. सगळं बरोबर आलं, पण तो माणूस तिसऱ्या चौकटीपर्यंत पोचेल असं वाटेना. एकतीस कागद टाकले. बत्तिसाव्याला हात आपोआपच गेला: कपाच्या कानांसारखे कान, मागे उभे राहिलेले केस, पँटचा एक पाय दुमडलेला आणि फुगलेले खिसे. कुठून आला कोण जाणे. कलावंतांचं असं होतं म्हणतात, माझं पहिल्यांदाच झालं.

बायकोला दाखवला. तिने कागद खिडकीपाशी नेऊन पाहिला.

"हा बाप?"

"हो."

"बरा आहे," ती म्हणाली. डोळे पुसत पुसत आत गेली. कांदा चिरत होती. लेकीने चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मला घट्ट धरून माझ्या टकलाची पापी घेतली. असं ती करत नाही. नुसत्या चित्राने एवढं होत असेल तर पट्टी चालायला हरकत नाही.

११ जानेवारी
मुलीचं नाव ठेवलं: बटण. लहान, गोल, सतत निसटणारं. बायकोने विचारलं, "हे कुठून सुचलं?" म्हटलं, सुचलं. ती हसली. पट्टीचं नाव मात्र सुचता सुचेना, शेवटी संपादकांनीच ठेवलं: 'चालायचंच!' उद्गारचिन्ह त्यांचंच.

१९ जानेवारी
घरात हल्ली काही घडत नाही. लेक वीस वर्षांची. दातांचे साचे बनवण्याचं शिक्षण घेते, नखांत प्लास्टर घेऊन येते, जेवते, झोपते. म्हणून जुन्या आठवणी काढायला बसलो, आणि कमाल म्हणजे एकापाठोपाठ एक येत राहिल्या. पडलेला दात नाल्यात गेला तेव्हा बादलीने नाला उपसला होता ती गोष्ट. तापात गोळी घेईना म्हणून आधी बाहुलीला, मग घड्याळाला, मग खुर्चीला औषध पाजलं ती गोष्ट. आणि सायकलची.

सायकलची पट्टी मला स्वतःला आवडली. पहिल्या चौकटीत बाप सीट धरून मागे पळतोय. दुसरीत बटण ओरडतेय, "सोडू नका हं!" तिसरीत बटण पार कोपऱ्यावर पोचलीय, आणि बाप अजून पळतोय, हातात नुसती सीट. तसंच झालं होतं. लाल सायकल, गंजलेला खिळा, रस्त्याच्या कडेला ओल्या रंगाचा बाक. अजून डोळ्यांसमोर आहे.

१ फेब्रुवारी
छापून आली. कचेरीत मुद्रितशोधकाने एक स्वल्पविराम राहिल्याचं सांगितलं. बाकी शुकशुकाट.

संध्याकाळी मेहुण्याने पट्टी कापून पाकिटात ठेवलेली दिसली. "भावोजी," तो म्हणाला, आणि पुढे काही बोललाच नाही. एरवी त्याची बोलायला ना नसते. मी म्हटलं, आवडली का? तर नुसती मान हलवली आणि आमच्या नळाचं वायसर बदलायला बसला. नळ गळत नव्हता.

१३ फेब्रुवारी
अकरा पत्रं आली. नऊ जणांना कुत्रा परत हवाय.

२ मार्च
सांगायला हरकत नाही, वारं फिरलंय. शाळेच्या नाटकाची पट्टी शनिवारी आली. बटण नाटकात झाड आहे. वादळात पडायचं कधी हे विसरते आणि उभीच राहते. प्रेक्षक हसायला लागतात. तिसऱ्या चौकटीत प्रेक्षकांतून बाप उठतो, हात पसरतो आणि धाडकन खुर्च्यांत पडतो. ते बघून तीही पडते.

त्रेचाळीस पत्रं. कुत्र्याचं नाव नाही. एका बाईंनी लिहिलंय की त्यांनी पट्टी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे. एका गृहस्थांनी लिहिलंय, "असा बाप आम्हाला मिळाला नाही, निदान वाचायला तरी मिळाला." बसमध्ये शेजारच्याला कळलं की मीच तो, तर त्याने उठून मला खिडकीची जागा दिली.

महिन्याचा तक्ता केला. बापाच्या वाट्याला एकेचाळीस टक्के शब्द. वाचकांना तोच हवाय. मलाही तो आवडायला लागलाय. सकाळी दाढी करताना मी थोडं त्याच्यासारखं बघतो असं वाटतं.

१७ मार्च
न्याहारीला लेकीने विचारलं, "बाबा, त्या नाटकाला तुम्ही होतात?"

"होतो की."

"कुठे बसला होतात?"

"मागे."

"मागे," ती म्हणाली, आणि नखातलं प्लास्टर काढत बसली.

हे आठवत राहिलं म्हणून इथे लिहून ठेवतो. चौदा वर्षं माझी रात्रपाळी होती. आलेख आणि नकाशे शेवटच्या क्षणी बदलतात, ते रात्रीच करावे लागतात. पहाटे घरी, दुपारी तीनपर्यंत झोप, पाचला पुन्हा बाहेर. मध्ये चार वाजता चहा. त्या चहाला बायको दिवसभराचं सगळं सांगायची, आणि ती सांगते कशी, तर पुढ्यात उभं करते. त्यामुळे मी नव्हतो असं म्हणता येणार नाही. मला सगळं माहीत असायचं.

५ एप्रिल
चौसष्टावी पट्टी. विषय संपत आले. बायकोला विचारलं, अजून काय काय झालं होतं गं?

"दादाला विचारा. त्याला जास्त आठवतं."

"त्याला कशाला?"

तिने हातातला डबा खाली ठेवला. "काखेत कळसा आणि गावाला वळसा," म्हणाली, आणि आत गेली. गेले काही दिवस तिचा सूर बदललाय. जानेवारीत खूश होती.

पण बोलली ते खोटं नाही. कळसा माझ्याच काखेत आहे. स्वतःच्या आठवणी आणखी खणायला हव्यात.

१९ एप्रिल
संपादकांनी चहा पाजला. वाचकांच्या कौलात 'चालायचंच!' शेवटच्या पानावर पहिली आली आहे. अकरा मेला शंभर दिवस होतात, त्या दिवशी अख्खं पान: 'चित्रपट्टीमागचं घर.' मुलाखत, आणि मध्यभागी मोठा फोटो. बाप, आई, मुलगी. "पान जमलं की तुमचं पत्र मी स्वतः सही करून देतो," म्हणाले. कायमचं पत्र, असा अर्थ.

घरी सांगितलं. लेक म्हणाली, "मी नाही बसणार."

"का?"

"त्या दिवशी माझे साचे आहेत."

"दिवस अजून ठरलेला नाही."

"मग ज्या दिवशी ठरेल त्या दिवशी आहेत."

मेहुणा ताटातून हात न उचलता म्हणाला, "बस की गं बटण. बाबाचं काम आहे."

"तू गप रे मामा," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं. या वयात पोरींना कशाचं वाईट वाटेल सांगता येत नाही. पट्टीतलं नाव मेहुण्याच्या तोंडी इतकं सहज बसलंय हे पाहून मात्र बरं वाटलं.

३ मे
आजचं नीट क्रमाने लिहितो.

फोटोवाला आणि मुलाखत घेणारी मुलगी अकराला येणार होते. मी साडेदहाला दाढी करायला खाली गेलो, येताना बिस्किटं घेतली. परत आलो तर तळमजल्यावर लिफ्टचं दार उघडं, मेहुणा गुडघ्यावर बसून आत काहीतरी खटपट करतोय, आणि फोटोवाला त्याचा हात हातात घेऊन हलवतोय. शेजारी मुलाखतवाली उभी. त्या दोघांनी मला पूर्वी कधी पाहिलेलं नव्हतं. मी तक्त्यांच्या खोलीत बसतो, तिथे कोणी येत नाही.

"काय साहेब, ओळख करून द्यायला नको तुमची," फोटोवाला म्हणत होता. "हुबेहूब काढलंय स्वतःला! कानसुद्धा सोडले नाहीत."

"अहो, मी लिफ्टवाला," मेहुणा म्हणाला.

मुलाखतवाली फोटोवाल्याला टाळी देऊन हसली. "बघ, बोलतात पण पट्टीतल्यासारखेच!"

"अहो बाई, खरंच. साहेब ते," म्हणून त्याने माझ्याकडे बोट केलं. बोटाला वंगण होतं.

फोटोवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मग मेहुण्याच्या खिशांकडे, दुमडलेल्या पँटकडे. मग पुन्हा माझ्याकडे. "अच्छा," तो म्हणाला. तो अच्छा मी आयुष्यात विसरणार नाही. त्यात काही वाईट नव्हतं. माल बदलून आलाय पण आता घ्यायलाच हवा, असा होता.

वर गेलो. बायकोने खुर्च्या लावल्या होत्या. लेक आतल्या खोलीतून बाहेर आली आणि म्हणाली, "मामा बसला तर मी बसते."

"मामा पट्टीत आहेत का?" मुलाखतवालीने वही उघडून विचारलं.

लेकीने आजचा अंक उचलला, शेवटचं पान वर करून माझ्या मांडीवर ठेवला. "बाबा, तुम्हाला खरंच दिसत नाही?"

मी पाहिलं. सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांना दिसावं म्हणून चित्रं काढतोय. माझंच चित्र मला दिसायला लिफ्टपाशी उभ्या परक्या माणसाची गरज पडली. मला लाज वाटली, दुसरा शब्द नाही.

फोटोवाल्याने टेबलावरच्या दौती आणि बोरूंचे दोन फोटो काढले. परत येऊ म्हणाले. बिस्किटं कोणी खाल्ली नाहीत.

सगळे गेल्यावर बायको शेजारी येऊन बसली. "मला वाटलं, तुम्ही मुद्दाम काढलंत," म्हणाली. "दादासाठी. पहिल्या दिवशी मी केवढी रडले आत जाऊन. म्हटलं, या माणसाने कधी तोंडाने म्हटलं नाही, पण बघा, आठवण ठेवलीय."

"मग नंतर?"

"नाटकाची पट्टी आली, तेव्हा कळलं. तुम्ही ती मला वाचून दाखवलीत. 'मी कसा पडलो होतो, आठवतं?' असं विचारलंत."

"तू तेव्हाच का नाही बोललीस?"

"दादा म्हणाला, राहू दे. नोकरीचा प्रश्न आहे."

४ मे
सगळ्या पट्ट्या जमिनीवर मांडल्या. त्र्याण्णव छापलेल्या, सात तयार. ज्या प्रसंगाला मी स्वतः हजर होतो त्यांवर टाचणी लावायची असं ठरवलं. शंभरांत नऊ टाचण्या लागल्या. त्यांतल्या सहांत मी जेवतोय.

नाटकाच्या वेळी खुर्च्यांत पडलेला माणूस मी नव्हतो. सायकलमागे पळणारा मी नव्हतो. नाला उपसणारा तर नव्हतोच, मला त्या वासानेच मळमळतं. बायको चहाला हे सांगायची तेव्हा भावाचं नाव घेतच असणार. मी ते ऐकताना मधून काढून टाकलं आणि त्या जागी स्वतःला बसवलं. एकदा नाही, चौदा वर्षं, रोज चार वाजता. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो याहून काही वेगळा नसतो.

संध्याकाळी खालच्या मजल्यावर गेलो. मेहुणा पेटीतले सुटे स्क्रू निवडत होता.

"मला माफी मागायची आहे," मी म्हटलं.

"कशाची, भावोजी?"

"मी तुमचं सगळं माझ्या नावावर खपवलं."

"अहो, तुमची मुलगी, तुमचं घर. त्यात माझं कसलं?" त्याने पाकीट काढलं. पहिल्या दिवशीचं कात्रण घडीवर घडी पडून मऊ झालं होतं. "हे तेवढं सांगा. हा तुम्ही मला बघून काढला नव्हता?"

खोटं बोलता आलं असतं. त्याला बरंही वाटलं असतं. "नाही," मी म्हटलं. "मुद्दाम नव्हतं. हात आपोआप गेला."

मग त्याचे ते कान लाल झाले. "मुद्दाम नव्हतं?" तो म्हणाला. "मग तर जास्तच झालं की हो."

त्याच्यासमोर मला उभं राहवेना. वर आलो.

५ मे
मुलाखतवालीला फोन करून होतं ते सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे पट्टीतला बाप खोटा?"

"बाप खरा आहे. तो मी नाही एवढंच."

तासाभरात संपादकांचं बोलावणं. "तुम्हाला हात दाखवून अवलक्षण करायची हौस आहे का? लोकांना बाप हवाय. चित्र काढणारा एक आणि बाप दुसराच, हे कुठल्या मथळ्यात बसवू? तुम्ही मध्ये बसा, मेहुण्यांना कडेला उभं करा, पाहुणे म्हणून. काही बोलू नका. पत्र तयार आहे." त्यांनी ड्रॉवर उघडून पत्र दाखवलंही.

मी पत्र वाचलं. मजकूर चांगला होता. मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहितो, कारण ही वही कोणी वाचणार नाही: कडेला उभं राहायला मेहुणा लगेच तयार होईल, असं आलं. त्याला फक्त विचारायचा अवकाश.

म्हणूनच विचारणार नाही, असं संपादकांना सांगितलं. मध्ये तो बसेल, नाहीतर फोटो नको.

"आणि शंभरावी पट्टी?"

"ती बदलून देतो."

"हसू येईल अशी द्या म्हणजे मिळवली," ते म्हणाले, आणि ड्रॉवर बंद केला.

७ मे
काही सुचत नाही. पट्टीत मामा आणायचा तर मामाचं चित्र आधीच बाप म्हणून वापरून झालंय. आणि बाप मी असेन तर तो करतो काय?

लेक एकटी सापडली. अंडी उकळत होती.

"तुला माझं काय आठवतं?" मी विचारलं. "लहानपणचं."

ती आठवायला लागली. मला दुखेल असं काही निघू नये म्हणून शोधत होती, हे मला दिसत होतं. एक अंडं तडकलं तरी तिचं लक्ष नव्हतं.

"दार," ती म्हणाली.

"कुठलं?"

"तुमच्या खोलीचं. शाळेतून आलं की ते बंद असायचं. आई बोट ओठांवर ठेवायची. मग मी आणि मामा चवड्यांवर त्याच्यासमोरून जायचो. मामाच्या खिशातलं सगळं वाजायचं ना, म्हणून तो दोन्ही खिसे धरून चालायचा. ज्याचा आवाज होईल त्याने परत जिन्यापासून यायचं. कधी कधी अर्धा तास जायचा स्वयंपाकघरात पोचायला."

"राग यायचा माझा?"

"राग?" तिने गॅस बंद केला. "नाही हो. मला खूप आवडायचं ते. तुम्ही आत आहात हे माहीत असायचं ना."

मी अंडी सोलायला घेतली. दोघांनीही सोलली. कवच फार चिकटून बसलं होतं.

८ मे
काढली. तिन्ही चौकटी एकच बोळ, एकच बंद दार. पहिलीत बटण आणि मामा चवड्यांवर. बटणाचे पाय प्रथमच जमिनीला लागलेत. दुसरीत खिशातून स्क्रू पडतो, दोघं श्वास रोखून उभी. तिसरीत दोघं परत जिन्याकडे निघालीत, शिस्तीत. एकही शब्द नाही, बोलण्याचा फुगासुद्धा नाही. हे खिसेवाले गृहस्थ आजपर्यंत बाप होते, ते आता मामा आहेत, अशी एक ओळ खाली टाकली, माझ्या सहीने.

संपादकांनी चष्मा वर करून पाहिली. "हसायचं कुठे?"

"माहीत नाही."

"आणि बाप कुठे आहे?"

"आत."

"काय करतो?"

"झोपलाय. रात्रपाळी."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेऊन पट्टी पुन्हा पाहिली. त्यांचीही उमेदीची वर्षं रात्रपाळीतच गेली. "छापतो," शेवटी म्हणाले. "जे होईल त्याला तुम्ही जबाबदार."

१९ मे
अकरा तारखेला आली. पान चांगलं दिसलं. फोटोत मेहुणा मध्ये बसलाय, अवघडून, कोरा शर्ट घालून. लेक त्याच्या खांद्यावर हात ठेवून, बायको शेजारी. मी मागे उभा आहे. नीट आलोय.

आजपर्यंत एकोणसाठ पत्रं. सतरा जणांना फसवल्यासारखं वाटलं, तसं त्यांनी स्वच्छ लिहिलंय. बाकीच्यांत पहारेकरी आहेत, भट्टीवरचे कामगार, इस्पितळातल्या बाया, आणि त्यांची मुलं. बहुतेकांनी दाराबद्दल लिहिलंय. संपादकांनी पत्र दिलं नाही, पण सहा महिने पट्टी चालू ठेवायची म्हणाले. मग बघू. मला चालेल.

संध्याकाळी लेक अंक घेऊन माझ्या खोलीत आली आणि पलंगावर बसून पुन्हा एकदा पट्टी बघायला लागली.

"छान आहे," म्हणाली. "एकच चुकलंय."

"काय?"

"दाराची मूठ. तुम्ही उजवीकडे काढलीय. ती डावीकडे आहे."

"उजवीकडेच आहे," मी म्हटलं. मी पलंगावरून पाहूनच काढली होती. समोरच दिसत होती, उजवीकडे.

"बाबा, मी रोज बघायचे ती."

मी उठलो, बाहेर बोळात गेलो आणि दार ओढून घेतलं. मूठ डावीकडे होती. हे दार मी आतूनच पाहत आलो होतो. तिथेच उभा राहिलो. पलीकडे ती होती, आणि तिचा आवाज येत नव्हता.